सर्पगंधेचें मूळ

वनौषधींचा विषय निघाला कीं बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. एका तटाच्या मतें जगांत जें कांहीं औषधी ज्ञान आहे तें सर्व आमच्या ऋषींनीं पूर्वींच सांगून ठेविलें असून पाश्चात्त्यांनीं तें आमच्या नकळत उचलून नेलें. दुसऱ्याच्या मतें झाडपाला तो झाडपालाच, आणि त्याचा धंदा करणारे ते भाबड्यांच्या श्रद्धेवर जगणारे. दोन्ही पक्ष उदाहरणें देण्याच्या भरीस फारसे पडत नाहींत, आणि दिलींच तर अर्धीं देतात. म्हणून एकच उदाहरण घ्यावें, पण तें आरंभापासून शेवटपर्यंत पाहावें, असें आम्हीं या लेखापुरतें ठरविलें आहे. तें उदाहरण सर्पगंधेचें होय. आमच्या रानांतील या मुळीनें विसाव्या शतकाच्या मध्यास जगाच्या वैद्यकांत शिरून तेथील विचारांची दिशा बदलली. आणि ती जेथें उगवली तेथील औषधी कारखान्यांस त्या विजयाचा वांटा मात्र फारच थोडा मिळाला. असें कां झालें, हें चोरी या एका शब्दानें उलगडत नाहीं.

मुळीकडे वळण्यापूर्वीं आमच्या कारखान्यांची हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्य हाच आपला औषधकारही असे. मुळी तो स्वतः ओळखी, किंवा ओळखीच्या वैदूकडून घेई. स्वतःच्या खलांत ती घोटी. आणि रोग्याची नाडी, ऋतु व पथ्य पाहून मात्रा ठरवी. औषध लागू पडलें नाहीं तर रोगी दुसऱ्या दिवशीं त्याच्याच ओट्यावर येऊन बसे. पुढें आगगाडी आली, टपाल आलें, वर्तमानपत्रें व त्यांतील जाहिराती आल्या, आणि विलायती औषधांच्या बाटल्यांनीं लोकांच्या डोळ्यांस लेबलाची सवय लाविली. या परिस्थितींत वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं पनवेल येथें श्रीधूतपापेश्वर हा कारखाना काढिला. कलकत्त्यास १८८४ त डाबर, मुंबईकडे १८९९ त सांडू बंधु, मलबारांत कोट्टक्कल येथें १९०२ त वैद्यरत्नम् वारियर यांची आर्यवैद्यशाला, आणि मुंबईंत १९१० त जुगतराम वैद्य यांचा झंडू कारखाना, अशी ही मालिका पुढें वाढत गेली.

या धंद्यांत कोणतें औषध चाललें व कोणतें मागें पडलें याचें कारण पुष्कळ वेळां वैद्यकांत नसून बाटलींत होतें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आसवें व अरिष्टें मुरलेलीं असल्यामुळें वर्षानुवर्षें टिकतात. भस्में व गुट्या टिकतात. च्यवनप्राशासारखे अवलेह टिकतात. ताजा स्वरस एक दिवस टिकत नाहीं, व काढाही शिळा होतो. म्हणून जीं कल्पें टिकाऊ तीं कारखान्यांत शिरलीं, व जीं टिकत नव्हतीं तीं घरांतील म्हाताऱ्या बायकांच्या हातीं राहिलीं आणि त्यांच्याबरोबर पुष्कळशीं गेलीं. पण याहून मोठा फेरफार असा झाला कीं, मुळी खणणारा, औषध करणारा व तें देणारा हे तिघे आतां एकमेकांस ओळखीनासे झाले. ही वांटणी मुळांतच वाईट होती असें आमचें म्हणणें नाहीं. धंदा वाढला तो तिच्यामुळेंच, आणि पनवेलचें औषध नागपुरास मिळूं लागलें तेंही तिच्यामुळेंच. परंतु औषध लागू न पडलेला तो रोगी कारखान्याच्या दारीं येऊन बसत नाहीं. तो येत नसेल तर त्याची खबर काढावयास कोणी तरी जावें लागतें. आणि संशोधन म्हणतात तें बव्हंशीं हेंच.

आतां सर्पगंधा. हें हात-दीड हात उंचीचें झुडूप. पानें बहुधा तीन-तीनांच्या वेढ्यांत येतात. फुलें पांढरीं, त्यांचे देंठ लाल. फळ पिकलें म्हणजे काळसर जांभळें. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईंत, बिहार, बंगाल व आसाम या प्रांतांत आणि आमच्या कोंकण-सह्याद्रींतही तें उगवतें. मराठींत त्यास अडकई असें म्हणतात. गुण सारा मुळांत, व त्यांतही मुळाच्या सालींत अधिक. चव अत्यंत कडू. शास्त्रीय नांव राउवोल्फिया सर्पेन्टिना. त्यांतील राउवोल्फ हा सोळाव्या शतकांतील आउग्सबुर्ग नगरचा वैद्य. तो हलब व बगदादपर्यंत फिरला, हिंदुस्थानांत कधीं आलाच नाहीं. तरी आमच्या झाडास त्याचें नांव चिकटलें तें कायमचें.

जो खरोखर येथें आला त्याचें नांव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास तीस वर्षांहून अधिक राहिला. मुंबई बेटही कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवर त्यानें संवादरूपानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत सापाच्या विषावर चालणाऱ्या कांहीं मुळ्यांचें वर्णन आहे, व त्यांपैकीं एक सर्पगंधाच असावी असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानीत आले आहेत. मुंगूस सापाशीं झुंजण्यापूर्वीं हें झाड चघळतें ही कथा आमच्याकडे ज्या भाविकपणें सांगतात त्याच भाविकपणें ती युरोपांतही फिरली. ओर्ता हा मूळचा यहुदी. त्याच्या मरणानंतर, १५८० त, गोव्याच्या धर्मन्यायसभेनें त्याचीं हाडें उकरून जाळलीं. त्याचा ग्रंथ मात्र लॅटिनमध्यें उतरून युरोपभर वाचला गेला.

सर्पविषावर ही मुळी कितपत उपयोगी याविषयीं आज कोणी फारशी आशा बाळगीत नाहीं. तिचा खरा गुण दुसराच होता. सर्पगंधा हें नांव जुन्या ग्रंथांत आढळतें. परंतु तें नेमकें कोणत्या झाडाचें यावर पंडितांत एकमत नाहीं, आणि रक्तदाबाचें तर नांवही तेथें शोधण्यांत अर्थ नाहीं. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याचें साधन रीव्हा-रोचीनें १८९६ त काढलें, व नळी कानास लावून तो मोजण्याची रीत कोरोत्कोव्हनें १९०५ त दाखविली. जें मोजण्याचें साधनच नव्हतें त्या व्याधीचें औषध ऋषींनीं लिहून ठेविलें होतें, असें म्हणणें हा ऋषींचा गौरव नव्हे. खरी परंपरा ग्रंथांत नव्हती, ती बिहारच्या खेड्यांत होती. तेथें ही मुळी 'पागल की दवा' या सरळ नांवानें बाजारांत विकली जाई. भ्रमिष्टास, झोंप उडालेल्यास, बांधून ठेवावें लागणाऱ्या रोग्यास ती देत. हा शोध कोणी व केव्हां लाविला हें सांगणारा एकही ग्रंथ नाहीं, व ज्यांनीं लाविला त्यांचीं नांवें कोणत्याही शोधनिबंधांत येणार नाहींत.

१९३१ हें वर्ष या इतिहासांत फार महत्त्वाचें. त्या सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं एका वैद्यक मासिकांत लेख लिहून, उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर सर्पगंधेचें चूर्ण गुणकारी असल्याचें इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपुढें मांडिलें. गणनाथ सेन हे कविराज, आणि पाश्चात्त्य वैद्यकही शिकलेले. बिहारच्या बाजारांतील मुळी व डॉक्टरांच्या टेबलावरील दाबमापक या दोन वस्तूंची गांठ घालावयास असाच मनुष्य हवा होता. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दीकी व राफत हुसेन सिद्दीकी यांनीं त्या मुळींतून पांच स्फटिकरूप अल्कलॉइडें वेगळीं केलीं. हें कॉलेज हकीम अजमलखान यांनीं स्थापिलेलें. त्याचें उद्घाटन गांधीजींनीं १९२१ त केलें होतें. आयुर्वेद व युनानी यांची रसायनशास्त्रानें परीक्षा व्हावी ही हकीमसाहेबांची हौस, आणि तीसाठींच जर्मनीहून शिकून आलेल्या तरुण सिद्दीकींस त्यांनीं हाताशीं धरिलें होतें. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस वारले. सिद्दीकींनीं आपल्या एका अल्कलॉइडास अजमलीन असें नांव दिलें.

पुढील दोन वर्षांत कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेंत कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं मुळीचा अर्क जनावरांवर वापरून रक्तदाब उतरतो हें दाखविलें. हे चोप्रा म्हणजे १९३०-३१ च्या औषध-चौकशी समितीचे अध्यक्ष. भेसळीच्या औषधांचा जो बुजबुजाट त्यांनीं पाहिला त्यांतूनच १९४० चा औषधांचा कायदा निघाला. धंदाही मागें राहिला नाहीं. १९३० त डेहराडून येथें निघालेल्या हिमालय कंपनीनें १९३४ त सर्पगंधेच्या गोळ्या 'सर्पिना' या नांवानें बाजारांत आणिल्या.

येथवर आलेल्या वाचकास वाटेल कीं आतां उरलें काय? लोकांचा अनुभव होता, दोन्ही शास्त्रें जाणणारा वैद्य होता, रसायनज्ञ होता, जनावरांवरील प्रयोग झाले होते, आणि गोळी दुकानांत मिळत होती. हें सर्व १९३४ पर्यंत हिंदुस्थानांत, हिंदी माणसांनीं, इंग्रज अमदानीच्या सर्व अडचणी सोसून केलें. आणि तरीही उरलें होतें तें सर्वांत साधें काम: किती रोग्यांस दिलें, किती जणांचा दाब किती उतरला, हें कोणीं तरी बसून मोजणें. या कामास लागलीं पंधरा वर्षें! गोळ्या खपत होत्या, डॉक्टर देत होते, रोगी खात होते. पण हजारों रोग्यांचा अनुभव वाऱ्यावर जात होता, कारण तो लिहून ठेवणें कोणाचेंच काम नव्हतें. वर सांगितलेल्या वांटणीचें फळ तें हें.

तें काम अखेर मुंबईंत झालें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील हे कित्येक वर्षें ही मुळी वापरीत होते. त्यांनीं ५० रोगी निवडून त्यांचा दाब औषधापूर्वीं किती, औषध चालू असतां किती व थांबविल्यावर किती, याची पद्धतशीर नोंद ठेविली, आणि ती १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें छापली. निबंध कांहीं पानांचाच. आजच्या कसोटीस लावला तर त्यांत उणिवा पुष्कळ दिसतील. तुलनेसाठीं खोटी गोळी घेणारा दुसरा गट त्यांत नव्हता. पण तो वाचून बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांनीं अमेरिकेंत हें औषध सुरू केलें, व वर्षा-दोन वर्षांत जें झालें तें येथें इतक्या वर्षांत झालें नव्हतें. १९५३ त अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनीं उन्मादावर केलेल्या याच मुळीच्या उपचाराची बातमी न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत आली. ती वाचून नेथन क्लाइन यांनीं रॉकलंडच्या वेड्यांच्या रुग्णालयांत तो प्रयोग केला. बिहारच्या खेडुतांस ठाऊक असलेली गोष्ट तेथें नव्यानें कळली. आरडाओरडा करणारे कित्येक रोगी शांत झाले. १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक ज्यांस मिळालें त्यांत क्लाइन व मुंबईचे वकील हे दोघेही होते.

मुळींतील मुख्य सत्त्व मात्र आमच्या हातून निसटलें. सिद्दीकींचीं पांच अल्कलॉइडें खरीं, पण शांत करणारा गुण त्यांत नव्हता. स्फटिक काढून घेतल्यावर जो राळेसारखा चिकट भाग उरे त्यांत तो होता, आणि झोंप आणण्याची शक्ति त्या भागांत आहे हें १९४४ त येथील संशोधकांच्या ध्यानांतही आलें होतें. त्या राळेंतून सत्त्व वेगळें करण्यास जीं साधनें, जो पैसा व जी चिकाटी लागे ती बाझलच्या सीबा कंपनीपाशीं होती. म्युलर, श्लिट्लर व बाइन यांनीं १९५२ त तें काढिलें व त्यास रिसर्पिन हें नांव दिलें. १९५६ त हार्वर्डच्या वुडवर्ड यांनीं तें प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें बनविलें, आणि रसायनशास्त्रांतील मोठ्या पराक्रमांत त्याची गणना होते. याला चोरी म्हणावें काय? आमच्या मतें नव्हे. जें उघड्या मासिकांत छापलें होतें तें वाचून कोणी पुढचें पाऊल टाकलें तर तक्रार वाचणाऱ्याविरुद्ध चालत नाहीं. तक्रार असेल तर ती ज्या धंद्यानें वीस वर्षें ही मुळी विकली, आणि तिच्या नफ्यांतून एक बरीशी प्रयोगशाळा उभारली नाहीं, त्याच्याविरुद्ध. बिहारच्या खेडुतांची व रानांत मुळ्या खणणाऱ्यांची तक्रार मात्र वेगळी आहे, व ती स्वदेशी-परदेशी सर्वांविरुद्ध सारखीच चालते. त्यांना दोघांनींही कांहीं दिलें नाहीं.

रिसर्पिनचें पुढें काय झालें? अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं १४३ रोगी घेऊन केलेल्या पाहणीचा निकाल १९६७ त निघाला. वाढलेला दाब औषधांनीं उतरविला तर पक्षाघातासारखे गंभीर परिणाम खरोखरच टळतात, हें त्या निकालानें प्रथम निःसंशय ठरलें. आणि ज्या तीन औषधांच्या जोडीनें तें ठरलें त्यांत रिसर्पिन एक होतें. परंतु औषधाची दुसरी बाजूही त्याच काळीं पुढें आली. नाक चोंदणें, सुस्ती, आणि कांहींजणांस मनाची खोल खिन्नता. या शेवटच्या दोषाविषयीं पुढें फेरविचार होऊन, अल्प मात्रेंत तो समजला जातो तितका नसावा असेंही मत पडलें आहे. १९७४ त स्तनाच्या कर्करोगाशीं संबंध जोडणारे निबंध आले. नंतरच्या तपासांत ती भीति बहुतांशीं टिकली नाहीं. तरी नवीं औषधें आलीं, व हें मागें पडलें. एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 'वनौषधि आहे, अपाय होणार नाहीं' हें वाक्य आमच्या घरोघरीं ऐकूं येतें. सर्पगंधा ही पूर्ण वनौषधि होती. आणि तिचा उपकार व अपाय दोन्ही एकाच सत्त्वांतून निघाले.

या मुळीनें विज्ञानास आणखी एक देणगी दिली, ती कोणाच्याही कल्पनेबाहेरची. रिसर्पिन दिलेले ससे निश्चल होऊन पडतात. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनीं १९५७ त अशा सशांस एल-डोपा हें द्रव्य टोंचलें, तों ते उठून हिंडूं लागले! मेंदूंतील डोपामीनचें कार्य त्यावरून उमगलें, कंपवातावर एल-डोपाचा उपचार निघाला, आणि कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां हें एल-डोपा आमच्या खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतें, हें मद्रासेस दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालींच छापलें होतें. वातविकारावर कुइलीचें बीज आमचे वैद्य पूर्वींपासून देत आले. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ त कंपवाताच्या रोग्यांवर त्या बीजाच्या चूर्णाचा प्रयोग मोजून-मापून प्रसिद्ध केला, व पुढें झंडू कारखान्यानें त्याच बीजापासून प्रमाणित औषध सिद्ध करून त्याचीही रोग्यांवर परीक्षा करविली. कारखाना, वैद्य व रुग्णालय यांची गांठ पडूं शकते, याचा हा दाखला घरचाच आहे. असे दाखले धंद्याच्या आकाराच्या मानानें थोडे, हें दुःख.

धंदा तर वाढतच आहे. १९६४ त औषधांचा कायदा दुरुस्त होऊन आयुर्वेदीय व युनानी औषधें त्याच्या कक्षेंत आलीं. त्या कायद्यांत ग्रंथांची एक यादी आहे. त्या ग्रंथांतील पाठाबरहुकूम केलेलें औषध हें शास्त्रोक्त, व त्याच्या गुणाविषयीं रोग्यांवरील नवा पुरावा सहसा मागितला जात नाहीं. जुन्या पाठाचा मान राखण्यांत गैर नाहीं. पण पाठ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जी मुळी होती तीच आजच्या पोत्यांत आहे कीं नाहीं, हें ग्रंथ सांगूं शकत नाहीं. सर्पगंधेचेंच पाहा. तिच्या मुळ्यांत तिच्याच जातीच्या दुसऱ्या झाडांच्या मुळ्या मिसळलेल्या सांपडतात. सुकलेलें तुकडे केलेलें मूळ डोळ्यांनीं ओळखणें काष्ठौषधीच्या जुन्या दुकानदारासही कठीण, आणि सत्त्वाचें प्रमाण तर जागेगणिक व ऋतुगणिक बदलतें. दाब उतरविणाऱ्या औषधांत असा बदल म्हणजे थट्टा नव्हे.

रानाची कथा थोडक्यांत सांगतां येते, कारण ती दुर्दैवानें नेहमींचीच आहे. पान तोडलें तर झाड राहतें, मूळ काढलें तर झाड जातें. १९५० नंतरच्या दशकांत जगभरांतून मागणी येतांच तराईंतील सर्पगंधा गाड्या भरभरून गेली. सरकारनें निर्यातीवर निर्बंध घातले. तेव्हां परदेशी कारखान्यांनीं आफ्रिकेंतील त्याच जातीच्या मोठ्या झाडाकडे मोर्चा वळविला. १९९० त आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवण्याच्या करारान्वयें सर्पगंधेचें नांव संकटांतील वनस्पतींच्या यादींत गेलें. कोंकणांतही अडकई आतां सहज दिसत नाहीं. तिची लागवड होऊं शकते व कांहीं ठिकाणीं होतेही. पण वर्ष-दीड वर्ष शेत अडवून मूळ पोसावयाचें आणि रानांतून फुकट आणलेल्या मुळीशीं भावांत टक्कर द्यावयाची, हें शेतकऱ्यास कसें परवडावें?

सलीमुज्जमान सिद्दीकी १९५१ त पाकिस्तानांत गेले, व कराचीस त्यांनीं मोठी संशोधनशाळा उभारली. त्यांनीं गुरूच्या नांवानें ओळख करून दिलेलें तें अजमलीन रक्तदाबाच्या कामीं फारसें आलें नाहीं. परंतु हृदयाच्या गतीचा ब्रुगाडा नांवाचा एक दुर्मिळ विकार आहे. त्यांत वरवर निरोगी दिसणारा तरुण मनुष्य झोंपेंत अकस्मात् मरतो. तो विकार नेहमींच्या आलेखांत लपून राहिला असेल तर उघडकीस आणण्यासाठीं युरोपांतील डॉक्टर रोग्याच्या शिरेंत अजमलीन टोंचतात व आलेख पाहतात. त्या कुपीवरील नांव दिल्लीच्या एका हकिमाचें आहे, हें टोंचणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.